चौकशी विभागातील उमेदवारी

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• आंतरराष्ट्रीय संघटनेला आपल्या कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची चौकशी स्वतःच का करावी लागते, हे सांगता येईल;
• चौकशी विभागातील शिकाऊ उमेदवाराच्या कामाचे स्वरूप व मर्यादा वर्णन करता येतील;
• आरोप, पुरावा आणि निष्कर्ष यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• निःपक्षपाती लेखनासाठी नेमके शब्द निवडता येतील.

प्रस्तावना

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. व्यवहारात ती पुष्कळदा उपयोगी पडते. परंतु चौकशीच्या कामात तिचा उत्तरार्ध चालत नाही. तेथे जनाचे ऐकावे लागते, पण ठरवावे लागते ते पुराव्याच्या आधारे. मनाला काय वाटते, याला तेथे स्थान नसते. ही शिस्त सांगण्यास सोपी आणि पाळण्यास अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी विभागात काही महिन्यांसाठी शिकाऊ उमेदवार म्हणून, म्हणजेच इंटर्न म्हणून, काम करणारे विद्यार्थी मुख्यतः हीच शिस्त शिकतात. त्यांच्या कामाचा आणि त्यामागील तत्त्वांचा परिचय या पाठात करून घ्यावयाचा आहे.

१. घरचा न्याय घरातच का?

संयुक्त राष्ट्र संघटनेची स्थापना १९४५ साली झाली. आज १९३ देश तिचे सदस्य आहेत. तिचे मुख्यालय न्यूयॉर्क येथे असले, तरी तिचे कर्मचारी जगाच्या कानाकोपऱ्यांत काम करतात. निरनिराळ्या देशांचे, भाषांचे आणि चालीरीतींचे लोक एकाच छताखाली बसतात. संघटनेच्या सनदेतील १०० व्या कलमानुसार या कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यावयाचे नसतात. नेमणूक करताना कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी यांचा सर्वोच्च दर्जा पाहावा, असे १०१ वे कलम सांगते.

एखाद्या देशाचे सरकार आपल्या पोलिसांच्या किंवा न्यायालयांच्या बळावर या कर्मचाऱ्यांवर दबाव आणू लागले, तर त्यांना निर्भयपणे काम करता येणार नाही. म्हणून १९४६ च्या एका आंतरराष्ट्रीय कराराने संघटनेला आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या अधिकृत कृतींना देशोदेशींच्या न्यायालयांपासून उन्मुक्ती देण्यात आली. ही व्यवस्था आवश्यक होती. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. सामान्य कार्यालयात अन्याय झालेला कर्मचारी शेवटी न्यायालयाची पायरी चढू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याला मात्र आपल्या नोकरीतील तक्रार घेऊन न्यूयॉर्कच्या किंवा नैरोबीच्या न्यायालयात सहसा जाता येत नाही. बाहेरचा दरवाजा बंद असल्यामुळे आतला दरवाजा उघडा ठेवण्याची जबाबदारी संघटनेवर येते. तोही बंद राहिला, तर अन्यायग्रस्ताला जाण्यास जागाच उरत नाही. चौकशी विभागाचे महत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

उन्मुक्ती ही व्यक्तीच्या सोयीसाठी नसून संघटनेच्या हितासाठी आहे, असे त्याच करारात म्हटले आहे. न्यायाच्या मार्गात ती आड येत असेल आणि संघटनेच्या हिताला बाध येणार नसेल, तर ती काढून घेणे हा सरचिटणीसांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. ऑगस्ट २००५ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांनी खरेदी विभागातील एका अधिकाऱ्याची उन्मुक्ती काढून घेतली आणि त्या अधिकाऱ्याने न्यूयॉर्कच्या न्यायालयात आपला गुन्हा कबूल केला.

२. विभागाची रचना

संघटनेच्या आमसभेने जुलै १९९४ मध्ये ठराव करून ‘अंतर्गत देखरेख सेवा कार्यालय’ स्थापन केले. लेखापरीक्षण, तपासणी व मूल्यमापन आणि चौकशी ही त्याची तीन अंगे आहेत. त्याच्या प्रमुखाला एकदाच पाच वर्षांची मुदत मिळते. फेरनियुक्ती होत नाही. पुन्हा नेमले जाण्याची आशाच नसेल, तर वरिष्ठांची मर्जी राखण्याचा मोहही राहत नाही, असा या नियमामागील विचार आहे.

चौकशी विभागाकडे येणाऱ्या तक्रारी नाना प्रकारच्या असतात. कोणी खोटी बिले सादर केलेली असतात, कोणी कंत्राट देताना लाच घेतलेली असते, कोणी हाताखालच्या व्यक्तीचा लैंगिक छळ केलेला असतो, तर कोणी अधिकाराचा गैरवापर केलेला असतो. प्रत्येक तक्रारीची चौकशी होतेच असे नाही. प्रथम तिची प्राथमिक छाननी होते. काही तक्रारी संबंधित खात्याकडे पाठवल्या जातात. काही मतभेद समेटाने मिटण्यासारखे असतात. त्यांसाठी लोकपालाचे स्वतंत्र कार्यालय आहे.

येथील चौकशी अधिकारी हे पोलीस नव्हेत. त्यांना कोणाला अटक करता येत नाही किंवा बाहेरच्या माणसाला साक्षीसाठी भाग पाडता येत नाही. मात्र संघटनेच्या कर्मचाऱ्यांवर चौकशीला सहकार्य करण्याचे बंधन असते. शिक्षा देण्याचा अधिकारही या विभागाला नाही. त्याने वस्तुस्थिती शोधून अहवाल द्यावयाचा. ठपका ठेवणे, पदावनती करणे किंवा नोकरीतून काढणे यांविषयीचा निर्णय प्रशासन घेते. तो निर्णय अन्यायकारक वाटल्यास कर्मचाऱ्याला १ जुलै २००९ पासून कार्यरत असलेल्या संघटनेच्या वाद न्यायाधिकरणाकडे आणि त्यानंतर अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शोधणारा एक, शिक्षा देणारा दुसरा आणि तपासून पाहणारा तिसरा, अशी ही विभागणी आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) संयुक्त राष्ट्रांना उन्मुक्ती का देण्यात आली?
(आ) देखरेख कार्यालयाच्या प्रमुखाची फेरनियुक्ती का होत नाही?

३. शिकाऊ उमेदवाराचे काम

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेले, पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा नुकतेच शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात साधारणपणे दोन ते सहा महिने इंटर्नशिप करू शकतात. चौकशीच्या कामात कायदा, गुन्हेशास्त्र, लेखाशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांचा अभ्यास उपयोगी पडतो.

उमेदवार कामावर रुजू होताना गोपनीयतेची हमी देतो. ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे. उपाहारगृहात सहज उच्चारलेले एक नाव तक्रारदाराची नोकरी धोक्यात आणू शकते आणि निर्दोष माणसाची अब्रूही घालवू शकते. म्हणून दिवसभर काय वाचले, हे त्याने घरीही सांगावयाचे नसते. पहिल्या नोकरीचा अनुभव आईवडिलांना किंवा मित्रांना सांगावासा वाटणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरणे हाच त्याचा पहिला धडा असतो.

त्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला रुक्ष वाटेल. आलेल्या तक्रारींचे संक्षिप्त टिपण करणे, कागदपत्रांना क्रमांक देणे, घटनांची कालानुक्रमे नोंद करणे, मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावरून लिहिलेला मजकूर ताडून पाहणे, न्यायाधिकरणाचे पूर्वीचे निर्णय शोधणे आणि अहवालाच्या मसुद्यातील तारखा तपासणे, अशी कामे त्याच्याकडे येतात. तो स्वतंत्रपणे साक्षीदाराची मुलाखत घेत नाही आणि कोण दोषी आहे, हेही ठरवत नाही. परंतु त्याच्या टिपणात एक तारीख चुकली, तर पुढे न्यायाधिकरणासमोर सबंध अहवालाच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे राहू शकते. लहान कामही किती जबाबदारीचे असू शकते, याची जाणीव त्याला येथे होते.

४. सांगितलेले, सापडलेले, सिद्ध झालेले

चौकशीच्या विचारपद्धतीचा गाभा समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कर्मचारी महिलेने लिहिले आहे, “माझे वरिष्ठ बैठकीत नेहमी माझा अपमान करतात.” हे वाक्य वाचताच आपल्या मनात सहानुभूती निर्माण होते. ती असणे योग्यच आहे. परंतु चौकशीच्या दृष्टीने या वाक्यातून काही प्रश्न उभे राहतात. ‘नेहमी’ म्हणजे किती वेळा आणि कोणत्या तारखांना? ‘बैठकीत’ म्हणजे कोणत्या बैठकीत, आणि तेथे आणखी कोण उपस्थित होते? ‘अपमान’ म्हणजे नेमके कोणते शब्द उच्चारले गेले? बैठकीचे इतिवृत्त आहे काय? त्या दिवशी तिने एखाद्या सहकाऱ्याला पत्र किंवा संदेश पाठवला होता काय?

या प्रश्नांच्या आधारे माहितीची तीन रकान्यांत विभागणी करता येते. पहिल्या रकान्यात कोणी काय सांगितले, ते येते. दुसऱ्यात कोणता कागद, नोंद किंवा साक्ष सापडली, ते येते. या दोहोंचा मेळ घातल्यावर जे टिकून राहते, तेवढेच तिसऱ्या रकान्यात लिहावयाचे असते. नवख्या माणसाचा कल पहिल्या रकान्यातून थेट तिसऱ्यात उडी मारण्याकडे असतो. तक्रारीची भाषा हृदयद्रावक असली की ती खरी वाटते, आणि आरोप झालेला मनुष्य सौम्यपणे बोलला की तो निर्दोष वाटतो. या दोन्ही समजुती फसव्या असतात.

याच कारणाने चौकशीच्या लेखनात शब्दांची निवड काटेकोरपणे केली जाते. ‘पीडित’ न लिहिता ‘तक्रारदार’ आणि ‘अपराधी’ न लिहिता ‘ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती’ असे लिहावे लागते. ‘त्याने नाकबूल केले’ आणि ‘तो खोटे बोलला’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य घडलेली गोष्ट सांगते. दुसरे निवाडा देते.

५. दोन्ही बाजूंचा मान

दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक व्यक्ती निर्दोष मानली जाते. म्हणूनच मुलाखतीच्या वेळी आरोप कोणते आहेत, हे संबंधित कर्मचाऱ्याला सांगितले जाते. निरीक्षक म्हणून एखादा सहकारी सोबत ठेवण्याची त्याला मुभा असते. आपल्या बाजूचे साक्षीदार व कागदपत्रे सुचवण्याची संधीही त्याला मिळते.

शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावा बळकट हवा, असे तत्त्व न्यायाधिकरणांनी घालून दिले आहे. नोकरी जाण्याइतकी शिक्षा द्यावयाची असेल, तर पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा असावा लागतो. त्याहून सौम्य शिक्षेसाठी मात्र, आरोप खोटा असण्यापेक्षा खरा असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दिसले तरी पुरते.

पुरावा पुरेसा न मिळाल्यास प्रकरण बंद होते. याचा अर्थ तक्रार खोटी होती, असा नव्हे. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीला दोनच साक्षीदार असतात आणि ते परस्परविरोधी सांगत असतात. अशा प्रकरणाच्या शेवटी ‘सिद्ध होऊ शकले नाही’ असे लिहिणे उमेदवाराला जड जाते; परंतु जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाल्यासारखे लिहिणे हा दुसरा अन्याय ठरेल.

पाठगत प्रश्न २
(अ) उमेदवाराच्या कामावर कोणत्या दोन मर्यादा असतात?
(आ) ‘तो खोटे बोलला’ हे वाक्य चौकशीच्या टिपणात का बसत नाही?

६. विश्वासाची कसोटी

नियम कितीही उत्तम असले, तरी तक्रार करण्याचे धैर्यच कोणाला झाले नाही, तर ते कागदावरच राहतात. लैंगिक छळाविषयी संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणाला ३०,३६४ जणांनी प्रतिसाद दिला. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. मागील दोन वर्षांत आपल्याला छळाचा अनुभव आल्याचे त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांनी सांगितले. असा अनुभव आलेल्यांपैकी तिघांत एकानेच त्याविरुद्ध काही पाऊल उचलले होते. स्वतः सरचिटणीस अंतोनियो गुटेरस यांनी कमी प्रतिसादाचा संबंध अविश्वासाशी जोडला.

हा अविश्वास कशातून निर्माण होतो, हे एका प्रकरणावरून दिसते. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात विदेशी सैनिकांनी बालकांवर लैंगिक अत्याचार केल्याचे आरोप नोंदवणारा एक अंतर्गत अहवाल २०१४ साली जिनिव्हातील मानवी हक्क कार्यालयात आला. तेथील संचालक अँडर्स कोम्पास यांनी तो फ्रान्सच्या अधिकाऱ्यांना दिला. अत्याचारांबाबत तातडीने पावले उचलण्याऐवजी, गोपनीय अहवाल बाहेर दिल्याबद्दल कोम्पास यांचीच चौकशी सुरू झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये त्यांना कामावरून दूर ठेवण्यात आले. मे २०१५ मध्ये वाद न्यायाधिकरणाने ही कारवाई सकृत्दर्शनी बेकायदेशीर असल्याचे सांगून तिला स्थगिती दिली. डिसेंबर २०१५ मध्ये एका स्वतंत्र समितीने बालकांबाबतच्या संघटनेच्या वागणुकीवर कठोर टीका केली. जानेवारी २०१६ मध्ये कोम्पास दोषमुक्त ठरले. परंतु त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला.

ज्या गोपनीयतेचे महत्त्व आपण वर पाहिले, तीच येथे प्रश्नाच्या केंद्रस्थानी होती. गोपनीयता ही तक्रारदाराच्या व निर्दोष व्यक्तीच्या रक्षणासाठी असते. संस्थेची लाज झाकण्यासाठी तिचा वापर झाला, तर ती ढाल न राहता पडदा बनते. हा विवेक नियमांच्या पुस्तकातून मिळत नाही. तो चौकशी करणाऱ्या माणसांकडेच असावा लागतो. तक्रार केल्याबद्दल कोणावर सूड उगवला जाऊ नये, म्हणून संघटनेत २००६ पासून नीतिमत्ता कार्यालयही काम करीत आहे.

७. उमेदवाराचे स्वतःचे स्थान

दुसऱ्यांच्या तक्रारींची टिपणे करणारा हा उमेदवार त्या इमारतीतील सर्वांत दुबळ्या घटकांपैकी एक असतो. तो संघटनेचा कर्मचारी मानला जात नाही. सचिवालयात त्याला वेतन मिळत नाही. प्रवास, निवास आणि विमा यांचा खर्च त्याला स्वतःच करावा लागतो. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात काही महिने असे राहणे गरीब घरातील विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य असते. न्यायाचे काम शिकण्याची संधीच सर्वांना सारखी मिळत नाही, ही यातील विसंगती आहे. सगळ्याच संस्थांत अशी स्थिती नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना उमेदवारांना विद्यावेतन देते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून ते सुरू केले.

छळापासून मिळणारे संरक्षण मात्र वेतनावर अवलंबून नाही. भेदभाव, छळ आणि अधिकाराचा गैरवापर यांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २०१९ साली काढलेले परिपत्रक इंटर्ननाही लागू आहे. त्याच वर्षी जून महिन्यात जिनिव्हा येथे स्वीकारल्या गेलेल्या श्रम संघटनेच्या १९० क्रमांकाच्या करारातही इंटर्न व शिकाऊ कामगार यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

८. भारतातील व्यवस्था

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. समितीची अध्यक्ष महिला असते आणि निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य महिला असतात. एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी आणि समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करावी, असे हा कायदा सांगतो. लहान आस्थापनांतील व घरकाम करणाऱ्या महिलांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. शिकाऊ उमेदवार आणि विनावेतन काम करणाऱ्या महिला यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्याच कारणाने ती खोटी ठरवून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. न्यूयॉर्कमधील कार्यालय असो वा आपल्या तालुक्यातील कारखाना असो, योग्य चौकशीची तत्त्वे सारखीच आहेत.

सारांश

संयुक्त राष्ट्रांना न्यायालयांपासून उन्मुक्ती असल्यामुळे अंतर्गत चौकशी निःपक्षपाती ठेवण्याची त्यांची जबाबदारी अधिक मोठी आहे. चौकशी विभाग वस्तुस्थिती शोधतो. शिक्षा देत नाही. शिकाऊ उमेदवार सांगितलेले, सापडलेले आणि सिद्ध झालेले यांतील भेद जपण्यास शिकतो. तक्रारदार व आरोप झालेली व्यक्ती या दोघांचाही मान राखणे हे या कामाचे मर्म आहे. तक्रार करणाऱ्याला आपले म्हणणे नीट ऐकले जाईल असा विश्वास वाटला, तरच ही सारी व्यवस्था सार्थ ठरते.

शब्दार्थ

उन्मुक्ती – कायद्याच्या कारवाईपासून मिळालेली सूट
सचोटी – प्रामाणिकपणा
छाननी – बारकाईने केलेली तपासणी
इतिवृत्त – बैठकीतील कामकाजाची लेखी नोंद
सकृत्दर्शनी – पहिल्या नजरेस, वरवर पाहता
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारी ठरावीक रक्कम
जमीनअस्मानाचे अंतर असणे – फार मोठा फरक असणे

स्वाध्याय

१. ‘बाहेरचा दरवाजा बंद असल्यामुळे आतला दरवाजा उघडा ठेवण्याची जबाबदारी संघटनेवर येते’ या विधानाचा अर्थ पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. गोपनीयता ‘ढाल’ केव्हा असते आणि ‘पडदा’ केव्हा बनते? पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.
३. पुढील वाक्ये निःपक्षपाती भाषेत पुन्हा लिहा : (अ) त्या लबाड कारकुनाने पैसे खाल्ले. (आ) बिचाऱ्या परिचारिकेला सगळे छळतात.
४. आपल्या किंवा आपल्या ओळखीच्या व्यक्तीच्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती आहे काय, याची माहिती मिळवा व ती आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कोणत्याही सरकारच्या दबावाशिवाय कर्मचाऱ्यांना काम करता यावे म्हणून. (आ) वरिष्ठांची मर्जी राखण्याचा मोह प्रमुखाला होऊ नये म्हणून.
२. (अ) तो स्वतंत्रपणे साक्षीदाराची मुलाखत घेत नाही आणि कोण दोषी आहे, हे ठरवत नाही. (आ) ते वाक्य घडलेली गोष्ट न सांगता निवाडा देते म्हणून.